निळं झाकण

गाडीच्या समोरच्या काचेवर पाणी उडवणारा पंप हा गाडीतला सगळ्यात फालतू भाग. गॅरेजात त्याचं काम आलं की जो तो दुसऱ्यावर ढकलतो. इंजिन उघडणाऱ्या मेकॅनिकला त्याला हात लावणं कमीपणाचं वाटतं, आणि आम्हा इलेक्ट्रिशियन लोकांना ते पंधरा मिनिटांचं काम वाटतं. अशा एका पंधरा मिनिटांच्या कामापायी एका माणसाचे डोळे गेले. काम माझ्या हातचं होतं. हे मी आजवर कुणाजवळ पुरतं बोललो नाही आणि आता लिहितोय त्यातही मोठेपणा काही नाही. आत खुपतंय, एवढंच.

बहारीनमध्ये तुबलीला खाडीच्या बाजूने गॅरेजांची रांग आहे. त्यातल्या एकात मी बारा वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. मला बहारीनला आणलं भाऊंनी. भाऊ माझे सख्खे कुणी नव्हेत. आमच्या गावापासून दोन गावं सोडून त्यांचं गाव, वर्धा जिल्ह्यात. लग्नाकार्यात, विहारात भेट व्हायची तेवढीच. मी आयटीआय करून नागपुरात एका बॅटरीच्या दुकानात माशा मारत बसलो होतो तेव्हा त्यांचा फोन आला, "बाबू, पासपोर्ट काढून ठेव." इथे आल्यावर मल्टिमीटर कसा धरायचा इथपासून त्यांनी शिकवलं. आयटीआयने मला सर्टिफिकेट दिलं होतं. काम भाऊंनी दिलं.

भाऊंचा शुगरचा आजार जुना. त्याने आधी पायांची बोटं बधिर केली, मग तो डोळ्यांत शिरला. समोरच्या माणसाच्या तोंडावर त्यांना काळे डाग तरंगताना दिसायचे. पुढेपुढे डाग जास्त आणि माणूस कमी. सलमानियाच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्यात रक्त उतरतंय, ठरल्या तारखेला इंजेक्शन घ्यावंच लागेल, चुकवलं तर नजर परत येणार नाही. आता ते इंजेक्शन मिळत होतं रेसिडेंट कार्डावर. कार्ड होतं व्हिसावर, आणि व्हिसा होता नोकरीवर. डोळे अधू झाल्याचं गॅरेजला कळलं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर डोळे जाणार. भाऊ म्हणायचे, "इकडं आड, तिकडं हीर, अन् मधात मी मल्टिमीटर घेऊन उभा."

गॅरेजात आम्हा दोघांशिवाय मराठी कळणारं कुणी नव्हतं. सुपरवायझर केरळचा, मेकॅनिक पाकिस्तानी, पेंटर बांगलादेशी. सगळ्यांची मिळून एक मोडकी हिंदी. त्याचा फायदा घेऊन आम्ही एक पद्धत बसवली. भाऊ बॉनेटमध्ये वाकायचे आणि मी त्यांच्या उजव्या बाजूला टॉर्च धरून, गावाकडच्या गप्पा मारल्यासारखं सांगत राहायचो, "डाव्या हाताले लाल वायर हाय. तिच्या खाली हिरवी-पांढरी. फ्यूज पंधराचा, जळला हाय." हात त्यांचे, डोळे माझे. सुपरवायझर जाता जाता म्हणायचा, "तुम दोनों का गांव का बात कभी खतम नहीं होता." जॉबकार्डावर सही सीनियरची, म्हणजे भाऊंची, लागायची. मी सहीच्या रेघेखाली अंगठा टेकवून ठेवायचो, भाऊ अंगठ्याच्या अंदाजाने वर सही ठोकायचे. दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. मला त्यात समाधान होतं, पण खोटं कशाला बोलू, थोडा माजही आला होता. ज्याने मला वायर ओळखायला शिकवलं त्याला आता माझ्यावाचून वायर दिसत नव्हती.

तो जूनचा पहिला आठवडा होता. माझी बायको आणि मुलगी नुकत्या बहारीनला आल्या होत्या, मुलीला शाळेत प्रवेश मिळाला होता. आणि त्याच सुमारास सुपरवायझर दोनतीनदा बोलून गेला होता, "काम कम है, दो इलेक्ट्रिशियन बहुत ज्यादा है." हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ पुष्कळसं या वाक्यात आहे.

मंगळवारी ते धूड आलं. मोटरहोम. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळा संसार. पेंटर सहा जणांच्या खोलीत राहतो, त्याने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "ये इधर ही छोड़ दो, मैं रह लेगा." मालक बहारीनी, निवृत्त शाळामास्तर. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. बायकोचे गुडघे निकामी झालेले, साध्या गाडीत तिला लांब बसवत नव्हतं, म्हणून जर्मनीहून आलेली ही वापरलेली गाडी त्यांनी घेतली होती. बाई पडल्या पडल्या मक्केपर्यंत जाईल, उमरा करेल, असा बेत. गुरुवारी निघायचं होतं. त्या आठवड्यात शमाल सुटला होता. या उत्तरेच्या वाऱ्याबरोबर पिठासारखी धूळ येते, दमट हवेत ती काचेला चिकटते आणि कोरडा वायपर फिरवला की नुसता चिखल होतो. काचेवर पाणी नसेल तर सौदीला जाणाऱ्या समुद्रावरच्या कॉजवेवर समोरचा ट्रक दिसायचा नाही. उस्ताद काचेकडे बोट दाखवून म्हणाले, "मोटर आवाज करता, पानी मफी." मफी म्हणजे नाही, एवढं अरबी इथे सगळ्यांना येतं.

भाऊंनी मला आत बसून खटका दाबायला लावला आणि स्वतः बंपरपाशी कान नेला.

"पंप फिरते," ते म्हणाले, "पण कोरडा फिरते. पाणी असलं का आवाज जड येते. पयले टाकी पाय."

मी बॉनेटमध्ये पाहिलं. समोरच ठसठशीत निळं झाकण होतं. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत निळं झाकण म्हणजे काचेचं पाणी. हे इतकं अंगवळणी पडलेलं की झाकणावरचं कुणी वाचत नाही. मीही वाचलं नाही. त्यावर इंग्रजीत एक शब्द कोरलेला होता, अक्षरांत धूळ भरली होती, फडक्याचा एक हात पुरला असता.

गॅरेजात एसीच्या नळीखाली कॅन ठेवून ते पाणी साठवायची आमची रीत आहे. इथलं नळाचं पाणी सुकलं की पांढरे डाग पडतात, बारीक भोकं बुजतात. एसीचं पाणी बॅटरीला चालतं, रेडिएटरला चालतं, काचेलाही चालतं. मी एक कॅन उचलला, त्यात थोडा शाम्पू टाकला आणि निळं झाकण उघडून ओतू लागलो. ओततच राहिलो.

"किती गेलं?" भाऊंनी विचारलं.

"दहा लिटर तरी असन."

"काचेच्या पाण्याले दहा लिटर? थांब जरा. आवाज दूर चालला हाय. पाणी खाली चेसिसकडं जाऊन राह्यलं."

"गाडी मोठी, काच मोठी, टाकीबी मोठी."

"नाही बाबू, हे काही बराबर..."

"भाऊ, दिसते कोणाले? तुमाले का मले?"

मराठीत बोललो म्हणून गॅरेजात कुणाला कळलं नाही. भाऊंना कळलं. ते बाजूला झाले आणि फडक्याने हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

खटका दाबला, पंप तसाच कोरडा घरघरला, काचेवर थेंब नाही. मग मी इंजिन सुरू करून पाहिलं, नोझलच्या भोकांत टाचणी घातली, हवा मारली, फ्यूज बदलला, रिले बदलला. पंप फिरतोय म्हटल्यावर फ्यूज कशाला बदलायचा हे नवशिक्यालाही कळतं. पण माणूस एकदा चुकीच्या जागी हट्टाला पेटला की अक्कल गहाण पडते. संध्याकाळपर्यंत मी घामाने निथळलो आणि काच कोरडीच राहिली.

बुधवारी मी पोचलो तर भाऊ आधीच बंपरखाली आडवे झाले होते. चाकामागचं प्लास्टिकचं आवरण त्यांनी चाचपडत सोडवलं होतं आणि आतली टाकी बोटाने वाजवून बघत होते, बाजारात मडकं वाजवतात तशी.

"ठणठण गोपाळ," ते खालूनच म्हणाले. "थेंबबी नाही हिच्यात."

त्या टाकीची नळी हाताने चाचपत ते वर आले. आधीच्या मालकाने दुसरी बॅटरी बसवताना वायरींचा एक जुडगा बॉनेटच्या कोपऱ्यात कोंबला होता. भाऊंनी तो उचलला, खाली काळं, अरुंद झाकण निघालं, त्यावर कारंज्याचं चित्र. खरी पाण्याची टाकी ही. त्यात तीन लिटर मावलं. मग भाऊंनी नळीच्या मध्ये बसवलेला बारका वॉल्व्ह ओळखून काढला. तो बुळबुळीत घाणीने तुंबला होता. तो धुऊन बसवला, मी खटका दाबला, आणि काचेवर पाण्याच्या दोन धारा उडाल्या. उस्ताद तिथेच उभे होते. "माशाल्ला!" म्हणून त्यांनी भाऊंचे दोन्ही हात हातात घेतले. भाऊ किती दिवसांनी असे हसले होते.

उस्ताद बाजूला झाले तसे भाऊ हळूच म्हणाले, "मंग कालचे दहा लिटर कुठं गेले?"

आता मी निळं झाकण पुसलं आणि वाचलं. युरिया.

"युरिया?" भाऊ म्हणाले. "कपाशीले टाकतेत तो?"

आम्ही दोघंही हसलो. इथल्या गाड्यांत आम्ही असलं काही पाहिलं नव्हतं. मी फोन काढून शोधलं. युरोपातल्या नव्या डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी लागतं, त्याची वेगळी टाकी असते. तिच्यात दुसरं काही पडलं तर इंजिन सुरू न करता टाकी उतरवून धुवायची, नाहीतर पुढची सगळी यंत्रणा बाद होते आणि शेवटी गाडी सुरूच होत नाही. इंजिन तर मी काल चांगलं अर्धा तास चालवलं होतं. मी वाचत गेलो तसं भाऊंचं हसू गेलं.

"जा, सुपरवायझरले सांग. आत्ताच्या आत्ता. उस्तादले म्हणा, एक दिवस थांबा. टाकी मी उतरवतो."

"सांगतो," मी म्हणालो.

सुपरवायझरच्या केबिनपर्यंत मी खरंच सांगायला गेलो होतो. तो फोनवर बोलत होता. फोनवर हात ठेवून त्याने विचारलं, "हो गया?" दोन इलेक्ट्रिशियन बहुत ज्यादा है, हे त्याचं वाक्य माझ्या कानात होतं. मुलीचा नवा युनिफॉर्म घरी दोरीवर वाळत होता. मी म्हणालो, "हो गया." आणि बाहेर येऊन भाऊंना सांगितलं, "सांगतलं. तो म्हणते, वापस आल्यावर पाहू, आता जाऊ द्या." भाऊंनी एकदा विचारलं, "असं म्हणते तो?" मी हो म्हणालो आणि जॉबकार्डावर अंगठा टेकवला. भाऊंनी सही केली.

गुरुवारी उस्ताद निघाले. शनिवारी त्यांचा फोन आला. सौदीत, भर वाळवंटातल्या रस्त्यावर चहाला थांबले, गाडी बंद केली ती पुन्हा सुरूच होईना. शुक्रवारपासून पिवळा दिवा लागत होता. त्यांनी तेव्हाच फोन करून विचारलंही होतं, पण सुपरवायझरने "मफी मुश्किल" म्हणून त्यांची बोळवण केली होती. हेही लिहून ठेवतो. सगळंच पाप माझ्या पदरात कशाला? बाई आत पलंगावर, एसी बंद, बाहेर भट्टी. क्रेन येईपर्यंत दुपार कलली. बाई वाचली, पण उमरा राहिला, आणि गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून तुबलीला परत आली.

ती आली त्या दिवशी सकाळीच मला अस्करला पाठवलं होतं. ॲल्युमिनियमच्या कारखान्याबाहेर एक ट्रेलर बंद पडला होता. काम लवकर उरकलं आणि अकराच्या आत मी परत आलो. शटरपाशी पोचलो तर आत सुपरवायझर ओरडत होता. हातात निळं झाकण. समोर भाऊ, मेकॅनिक आणि पेंटर मागे उभे. मी भिंतीला लागून उभा राहिलो. भाऊंचं तोंड बाहेरच्या उजेडाकडे होतं आणि अशा उजेडात त्यांना काहीच दिसायचं नाही. मी आलेला त्यांना कळला नव्हता.

"इसमें साबुन का पानी किसने डाला?" सुपरवायझर म्हणाला. "बीस साल का सीनियर है तुम! लो, पढ़ो. क्या लिखा है इस पर?"

भाऊंनी झाकण घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब केला, आणि मान किंचित उजवीकडे वळवली. एरवी मी तिथे उभा असायचो. मी तीन पावलांवर होतो. गावाकडच्या गप्पा मारल्यासारखा एक शब्द बोलायचा होता. युरिया. तीन अक्षरं. दीड वर्षात हजार वेळा केलेलं काम. पण भाऊंनी ते वाचलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, ज्याला वाचता येतं तो असली चूक करेल कसा? मग ओतलं कुणी? माझी जीभ टाळूला चिकटली असं मी म्हणू शकतो. पण चिकटली नव्हती. मी ती धरून ठेवली होती.

भाऊ वाट बघत राहिले. मग त्यांचा अंगठा झाकणावर फिरायला लागला, अक्षरं हाताला लागतात का बघत. सुपरवायझर ते बघत पुढे सरकला. त्याने दोन बोटं भाऊंच्या तोंडासमोर धरली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "ये कितना है?"

भाऊंनी विचार केला आणि म्हणाले, "तीन."

मेकॅनिकने खाली बघितलं. मग भाऊच म्हणाले, "पानी मैंने डाला. साइन मेरा है."

मी आल्या पावली बाहेर पडलो, कोपऱ्यावरच्या टपरीत जाऊन चहा मागवला आणि अर्ध्या तासाने, आत्ताच अस्करहून येतोय असा चेहरा करून परत आलो. भाऊ टूलबॉक्स आवरत होते.

तीन आठवड्यांत व्हिसा कॅन्सल झाला. पुढचं इंजेक्शन त्याच्या पुढच्या महिन्यात होतं. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, म्हणाला, "अंधा आदमी को गाड़ी में कैसे हाथ डालने देगा? कल किसी का जान जाएगा." त्याचं काही चुकलं नव्हतं. मीच त्यांना विमानतळावर सोडलं, हाताला धरून रांगेपर्यंत नेलं. टूलबॉक्स त्यांनी मला दिली. मी घेतली. आता गॅरेजात इलेक्ट्रिशियन एकच होता, आणि माझी नोकरी पक्की झाली. त्या महिन्यात मला झोप लागत होती, भूक लागत होती. माणसाला असं काही केल्यावर अन्न गोड लागत नाही म्हणतात, ते साफ खोटं आहे.

गावी गेल्यावर डोळ्यांसाठी भाऊंना नागपूर गाठावं लागायचं. एस.टी., बरोबर कुणीतरी माणूस, दिवसाचा खाडा. दोन तारखा झाल्या, तिसरी हुकली, मग हुकतच गेल्या. वर्षाच्या आत दोन्ही डोळे गेले. हे मला त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं.

परवाच्या रजेत मी त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. भाऊ अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, दाढी कुणीतरी नीट करून दिली होती. आवाजावरून ओळखून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "जय भीम, बाबू!" वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी खाली पायरीवर बसलो.

"भाऊ, त्या दिवशी मी सुपरवायझरले सांगतलंच नव्हतं," मी म्हणालो. "तुमाले खोटं बोललो."

"समजलं मले. तो ओरडाले लागला तवाच समजलं."

"पाणी म्या टाकलं होतं, अन् नाव तुमी घेतलं."

"अरे, सही मायी होती. तुयी पोरगी नवी नवी शाळेत चालली होती. जाऊ दे ते." ते माझ्या आवाजाकडे वळले. "मले एकाच गोष्टीचं वाईट वाटते, बाबू. नेमका त्याच दिवशी तू अस्करले गेला. तू बाजूले असता त झाकणावरचं सांगतलं असतं मले, अन् डोयाचं कोणाले समजलं नसतं. शिव्या खाल्ल्या असत्या, पण नोकरी राह्यली असती. सुई भेटत गेली असती."

त्यांना खरंच तसं वाटत होतं, की सगळं ओळखून ते मला सुटायला वाट करून देत होते, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, पण डोळे कुठेच बघत नव्हते. मी तिथेच शटरपाशी होतो, हे सांगायलाच तर मी इतक्या लांबून आलो होतो.

"हो ना भाऊ," मी म्हणालो. "अस्करले होतो मी."

त्यांनी मान डोलावली, आणि आत हाक मारून वहिनींना सांगितलं की बाबूले जेवल्याबिगर जाऊ देऊ नको. मी जेवून निघालो.